जूनमध्ये जाणारी, कार्तिकात येणारी मुलं

रत्नागिरी किंवा देवगडकडे कातळावरच्या हापूस बागांतून नोव्हेंबरात फिरलात, तर मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, दारात दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत घातलेले दिसतात. राखणीला, फवारणीला आणि पुढे झेल्यानं आंबा काढून पेट्या भरायला आलेलं नेपाळी कुटुंब तिथं राहत असतं. बंदरांत मासेमारीच्या होड्यांवरही खलाशी म्हणून नेपाळी माणसं आहेत. त्यातली बरीचशी नेपाळच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतून येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथं यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. मोठ्यांचं त्यामुळे सोपं झालं, पण त्यांच्या मुलांची शाळा कशी व्हायची याचा त्या करारात काहीच विचार नाही.

या मुलांसाठी काही करावंसं वाटणारे लोक कोकणात आणि मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. मदत येते ती मात्र बहुतेक वेळा दप्तर, वह्या, रंगपेटी आणि एक सामूहिक फोटो अशी. दप्तर वाईट नाही. पण या मुलाचं शिक्षण दप्तरावाचून अडत नाही. ते अडतं ते दोन देशांच्या दोन कॅलेंडरांच्या मधल्या फटीत, शाळेच्या रजिस्टरातल्या एका चुकीच्या तारखेपाशी आणि चौदाव्या वर्षानंतर. या तीन ठिकाणी पैसा लावायचा असेल तर तो वस्तूंवर नाही, एका माणसावर लावावा लागतो. वर्षभर या मुलांच्या मागे राहील असा एक पगारी माणूस हवा.

आधी कॅलेंडर. राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. नेपाळमधलं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. बागेतलं काम मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं आणि बरीच कुटुंबं गावाकडे निघतात, कारण तिकडे भातलावणी असते. नेपाळात असार महिन्याच्या १५ तारखेला, आपल्या जूनअखेरीस, लावणीचा सणच असतो. मग दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, उरकून कार्तिक-मंसिरात (मंसिर म्हणजे मार्गशीर्ष) कुटुंब परत बागेत येतं. म्हणजे मूल तिकडच्या शाळेत पोहोचतं तेव्हा दोनेक महिने शिकवून झालेले असतात आणि इकडे परततं तेव्हा पहिलं सत्र संपलेलं असतं. दोन्हीकडे नाव पटावर आहे, पण कुठल्याच शाळेत त्याला वर्षाची सुरुवात मिळालेली नाही. अपूर्णांक, जोडाक्षरं, भागाकार अशा गोष्टी नेमक्या त्याच महिन्यांत शिकवल्या जात असतील, तर त्या कायमच्या राहून जातात. चौथीतलं मूल 'कच्चं' आहे असं शिक्षक म्हणतात. त्यातलं पुष्कळसं कच्चेपण या गैरहजेरीतून आलेलं असतं.

कायदा मुलाच्या बाजूनं आहे, हे मदत करणाऱ्यानं नीट लक्षात ठेवावं, कारण गावात त्याबद्दल गैरसमज फार. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाचा उल्लेख आहे, नागरिकत्वाची अट घातलेली नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ नुसार आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. कलम ४ नुसार मूल वयानुरूप वर्गात बसतं आणि मागं पडलेल्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं, तेही किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं. कोकणातल्या शाळांचा पट इतका खाली आलाय की मुख्याध्यापक बहुधा स्वतःच बागेत येऊन मुलं घेऊन जातात. म्हणजे प्रवेश मिळणं ही खरी अडचण राहिलेली नाही. रजिस्टरात काय लिहिलं जातं, तिथून गोंधळ सुरू होतो.

नेपाळमध्ये जन्मतारीख विक्रम संवतात लिहितात, वर्ष/महिना/दिवस अशा क्रमानं. जन्मदर्तेवर, म्हणजे तिकडच्या जन्मनोंदीच्या दाखल्यावर, २०७२/०१/१५ असं असेल तर तो १५ जानेवारी नव्हे, २०७२ च्या वैशाखाची १५ तारीख, म्हणजे २८ एप्रिल २०१५. शिवाय हा वैशाख आपला चांद्र वैशाख नव्हे. तो सौर महिना आहे, १३-१४ एप्रिलला लागतो. वर्ष बदलताना ५७ वजा करायचे की ५६, हे महिन्यावर ठरतं. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत ५७, त्यानंतर चैत्रअखेरपर्यंत ५६. माघातल्या मुलाचे सरसकट ५७ वजा केले की ते कागदावर एक वर्षानं मोठं होतं. ही एका वर्षाची चूक दहावीचा फॉर्म भरताना बाहेर येते आणि सोळाव्या वर्षी नेपाळात नागरिकतेचा अर्ज करताना पुन्हा. आईवडिलांना तारीख आठवत नसेल तर मोठा भूकंप विचारावा. तो २०७२ च्या वैशाखाच्या १२ तारखेला, २५ एप्रिल २०१५ ला झाला. 'भूकंप झाला तेव्हा हे पोटात होतं की अंगावर पीत होतं?' या प्रश्नाला बहुतेक आया नेमकं उत्तर देतात.

नावाचंही तसंच. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा साचा इतका पक्का बसलाय की नेपाळी नाव नकळत त्यात कोंबलं जातं. तिकडे मधलं 'बहादुर' किंवा 'कुमारी' हा मुलाच्या स्वतःच्याच नावाचा भाग असतो. शाळेनं ते काढून वडिलांचं नाव घातलं की दोन देशांच्या कागदांवर दोन वेगळी माणसं तयार होतात. विश्वकर्मा हे आडनाव नेपाळात 'वि.क.' असं लिहिलं जातं. ते इथं 'बीके' होतं आणि पुढच्या शाळेत 'बिके'. ब आणि व यांची अदलाबदल तर रोजची. उपाय साधा आहे: जन्मदर्ता समोर ठेवायची, त्यावर आहे तसं अक्षरशः लिहायचं आणि वडिलांचं नाव वडिलांच्याच रकान्यात टाकायचं. जातीच्या रकान्यात अंदाजानं काही भरायचं नाही. मूल शाळा सोडून गेल्यावर जनरल रजिस्टरातली दुरुस्ती फार अवघड होते, म्हणून हे काम प्रवेशाच्या आठवड्यातच झालं पाहिजे. एका मुलाला फार तर दोन तास लागतात. ते दोन तास देणारं माणूस मात्र कुठल्याच योजनेत धरलेलं नसतं.

शाळेच्या पोर्टलवर प्रत्येक मुलाला ११ अंकी कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन मिळतो. मूल जूनमध्ये गेलं की शाळा त्याला पोर्टलवरच्या 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, टाकते. पुढच्या हंगामात बागायतदार बदलला की गाव बदलतं, शाळा बदलते. पेन जवळ असेल तर नवी शाळा मुलाला तिथून उचलून घेऊ शकते. नसेल तर नव्यानं नोंद करते आणि पाचवीतलं मूल पुन्हा तिसरीत दिसायला लागतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी पत्रकाची कल्पना आहे. तसंच एक पत्रक या मुलांसाठी स्वतः छापून घ्यावं. दोन पानांचं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला नेपाळी. त्यावर नाव, दोन्ही कॅलेंडरांतली जन्मतारीख, पेन, इयत्ता, वाचन आणि गणित कुठवर आलंय ते, लसीकरण, मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणि शाळेचा फोन. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते आईकडे द्यायचं. दप्तरात ठेवलं तर पावसात जातं.

जन्म इथंच बागेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात झालेला असेल तर नोंद २१ दिवसांत फुकट होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एका वर्षापर्यंत परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद, त्यापुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे, म्हणून आजच्या तान्ह्या मुलांची नोंद हे सगळ्यात स्वस्तात होणारं मोठं काम आहे. या दाखल्यानं भारतीय नागरिकत्व मिळत नाही, हे आईवडिलांना स्पष्ट सांगावं. ३ डिसेंबर २००४ पासून इथं जन्मलेल्या, पण आईवडील दोघंही परदेशी असलेल्या मुलाला ते जन्मानं मिळत नाही. पण जन्म कुठं आणि कधी झाला याचा तो पक्का कागद आहे आणि नेपाळातल्या वडा (म्हणजे प्रभाग) कार्यालयात नोंद करताना तोच कामाला येतो.

आधारच्या बाबतीत फार जपून. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं मंजूर होताना, आधार जुळलेली मुलं मोजली जातात, त्यामुळे शाळेवर दडपण असतं आणि 'कसंही करून आधार काढा' असा निरोप बागेत येतो. मग तालुक्याच्या गावचा कुणी एजंट पैसे घेऊन जन्मस्थान रत्नागिरी टाकून कार्ड काढून देतो. याहून घातक मदत नाही. सोळाव्या वर्षी तोच मुलगा नेपाळची नागरिकता मागायला जातो तेव्हा त्याच्याकडे दोन देशांची विसंगत कागदपत्रं असतात. सरळ मार्ग आहे. नेपाळी नागरिकाला १८२ दिवसांच्या वास्तव्यावर आधार मिळू शकतं, त्यासाठी नेपाळचा पासपोर्ट, किंवा नागरिकता प्रमाणपत्र आणि त्यांच्या दूतावासानं दिलेलं मुदतीचं ओळखपत्र लागतं. हे आधार १० वर्षांच्या मुदतीचं असतं. वेळ लागतो, दिल्लीशी पत्रव्यवहार करावा लागतो. तो करून देणं ही खरी मदत. आणि ते होईपर्यंत आधार नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवता येत नाही, हे मुख्याध्यापकांशी बसून बोलावं.

आता भाषा. लिपी एकच असल्यामुळे लोकांना वाटतं की या मुलांना मराठी सोपं जाईल. जातंही, पण अडथळे कुठं आहेत ते कळलं तर. नेपाळीत ळ वापरात नाही आणि श, स यांचा उच्चार बहुधा स होतो. त्यामुळे मूल 'शाळा' हा शब्द 'साला' असा वाचतं. वर्ग हसतो, बाई रागावतात आणि ते मूल पुढचे दोन महिने मोठ्यानं वाचत नाही. नेपाळी च हा आपल्या 'चमचा'तल्या च सारखा असतो. म्हणून 'चमचा' बरोबर येतो आणि 'चिमणी', 'चंद्र' चुकतात. नेपाळी पुस्तकांतले झ, ल, श आणि ५, ८, ९ हे आकडे आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. मुलानं वहीत त्या वळणाचा ९ काढला की उत्तर बरोबर असूनही चूक दिली जाते. 'बहिनी' म्हणजे तिकडे धाकटी बहीण, 'दाइ' म्हणजे थोरला भाऊ, 'बुवा' म्हणजे वडील. दुसरीकडे 'आज', 'भात', 'मामा', 'काका' सारखेच. नेपाळी 'तल' म्हणजे खाली आणि आपला 'तळ', तिकडची 'बाटो' आणि आपली 'वाट' अशा जोड्या मुलांना दाखवल्या की त्यांना मराठीत पाय ठेवायला जागा मिळते. शिवाय पश्चिमेकडच्या काही मुलांची घरची भाषा नेपाळीही नसते, डोटेली किंवा थारू असते. चाळीस पानांची एक जोडपुस्तिका, पहिले सहा आठवडे रोज एक तास आणि शिकवणारी व्यक्ती शक्यतो इथंच दहावी झालेली नेपाळी मुलगी. ती मिळाली तर पुस्तिकेपेक्षा तिचाच उपयोग जास्त.

पैशाचा हिशेब ४० मुलांच्या एका गटासाठी, साधारण सात-आठ किलोमीटरच्या टापूत, असा धरावा. कार्यकर्ती: महिना ₹१६,००० प्रमाणे वर्षाचे ₹१,९२,०००. पेट्रोल आणि फोन: महिना ₹३,०००, म्हणजे ₹३६,०००. बागा वाडीपासून लांब कातळावर असतात, लहान मुलं तेवढं चालून रोज येत नाहीत. म्हणून रिक्षाच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी रोज ₹४००, नोव्हेंबर ते एप्रिलचे १२० दिवस: ₹९६,०००. कागदपत्रं, प्रतिज्ञापत्रं, तालुक्याच्या खेपा: मुलामागे ₹१,५००, म्हणजे ₹६०,०००. पुस्तिका, वह्या: मुलामागे ₹६००, म्हणजे ₹२४,०००. आणि नववी ते बारावीच्या ६ मुलामुलींना प्रत्येकी ₹१२,०००, म्हणजे ₹७२,०००. एकूण ₹४,८०,०००, मुलामागे वर्षाला ₹१२,०००. यातला सगळ्यात मोठा आकडा पगाराचा आहे आणि देणगीदार पहिली कात्री तिथंच लावतात. पगार काढला की बाकीचे पैसे फुकट जातात. रिक्षा येते, पण कुठल्या बागेत नवं कुटुंब आलंय हे तिला कोण सांगणार?

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या, विभागात एक गैरसमज घट्ट बसलाय, की पगार म्हणजे 'प्रशासकीय खर्च' आणि त्याला ५ टक्क्यांची मर्यादा. नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. प्रस्तावात तो तसाच, वेगळ्या ओळीत लिहावा. दुसरी अडचण तारखांची. सीएसआरचा पैसा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्ष संपत आल्यावर सुटतो आणि 'मार्चअखेर खर्च दाखवा' म्हणतात. त्यावेळी बागेत ऐन काढणी असते आणि दोन महिन्यांत मुलं जाणार असतात. मग साहजिकच दप्तरं घेतली जातात. याला वाट आहे: प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्यावा. मग न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढची ३ आर्थिक वर्षं वापरता येते. हप्ता सप्टेंबरअखेर मागावा, म्हणजे मुलं परतायच्या आधी माणूस नेमलेला असतो.

सगळ्यात मोठा सापळा सीमेपलीकडच्या खर्चाचा आहे. जून ते ऑक्टोबर मूल नेपाळात असतं, म्हणून तिथल्या शाळेची फी किंवा शिकवणी आपल्या ट्रस्टनं भरावी असं मनात येतं. हेतू चांगला, पण भारतातल्या धर्मादाय संस्थेनं भारताबाहेर खर्च केलेलं उत्पन्न प्राप्तिकराच्या सवलतीत बसत नाही, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. सीएसआरचा पैसाही देशाबाहेरच्या कामाला चालत नाही. म्हणून जाण्याआधी, मेमध्ये, मुलाच्या हातात पाच महिन्यांचा अभ्याससंच द्यावा, फोनवर आठवड्यातून एकदा बोलणं ठेवावं आणि तिकडच्या शाळेच्या नावे पत्र. हा सगळा खर्च इथंच होतो. सीमेवर मुलांच्या तस्करीवर लक्ष ठेवणारे कार्यकर्ते असतात. मूल मामाबरोबर किंवा गाववाल्यांबरोबर जात असेल तर शाळेचं पत्र आणि आईवडिलांचा फोन नंबर जवळ असला म्हणजे प्रवासात अडकत नाही.

व्यक्तिशः देणाऱ्यांसाठी: ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि ₹२,००० च्या वर रोख दिलं तर तीही नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनी पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे 'परकीय देणगी' ठरत नाहीत. ओसीआय कार्डधारक मात्र परदेशी नागरिक, त्यांचे पैसे एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच जावे लागतात आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे मुंबईतल्या मोठ्या संस्थेला देऊन 'रत्नागिरीच्या छोट्या संस्थेला द्या' असं सांगणं आता चालत नाही.

बागायतदारालाही यात ओढावं. पेटीमागे ₹२ बाजूला काढले तरी हजार पेट्यांच्या बागेतून रिक्षाचे अडीच दिवस निघतात. रक्कम लहान आहे, पण त्यानं बागायतदार स्वतः विचारायला लागतो की आज पोरं शाळेत गेली का. फवारणीच्या दिवशी मुलं मांगरात नसावीत, ही गोष्टही त्याच्याच हातात असते.

राहिला चौदाव्या वर्षानंतरचा प्रश्न, आणि देणगीदार नेमके इथंच कमी आहेत. आठवीनंतर शिक्षणहक्क कायद्याचं छत्र संपतं. रहिवासी दाखला नाही, जातीचा दाखला नाही, म्हणून सरकारी शिष्यवृत्त्या बहुतेक बंद. घरात दुसरा हात कमावता हवा असतो. मुलगा बागेत बापाच्या जोडीला लागतो किंवा होडीवर जातो, मुलगी धाकट्यांना सांभाळते. १८ वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणं कायद्यानं बंद आहे, पण नुसता कायदा दाखवून तो वर्गात परत येत नाही. वर्षाचे ₹१२,००० एकदम दिले तर घरखर्चात जातात. नोव्हेंबर ते एप्रिल दरमहा ₹१,५०० हजेरी पाहून आणि उरलेले ₹३,००० परीक्षेच्या फीला असे दिले तर टिकतात. ज्यांना जून-ऑक्टोबरची गैरहजेरी टाळताच येत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावी बरी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, मराठी माध्यम आहे, ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवता येतो. एप्रिल-मेची परीक्षा बागेच्या ऐन घाईत येते, म्हणून बहुतेकांना दोन दोन विषय करून पुढं जावं लागतं. त्याची घाई करू नये.

सोळा वर्षं पूर्ण झाली की त्या पावसाळ्यात नागरिकतेचं काम. आईवडिलांची नागरिकता प्रमाणपत्रं, जन्मदर्ता, वडा कार्यालयाची शिफारस आणि मग जिल्हा प्रशासन कार्यालय. इथल्या शाळेच्या दाखल्यावर नाव आणि तारीख तीच असली पाहिजे. कार्यकर्तीनं मार्चमध्येच सोळा पूर्ण होणाऱ्यांची यादी काढावी, एकेकाचे कागद शेजारी शेजारी ठेवून जुळवावेत आणि फरक असेल तर मुख्याध्यापकांकडून एप्रिलअखेर दुरुस्ती करून घ्यावी. मेमध्ये शाळेला सुट्टी लागते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मांगर रिकामा असतो.